ॲक्सेस डिनाइड! शेजारच्या पीसीवरचा प्रिंटर नकार देतो तेव्हा कुठून सुरुवात करायची

नौपाडा, कोर्ट नाका, वागळे इस्टेट. ठाण्यातल्या या भागांतल्या छोट्या ऑफिसांमध्ये मांडणी बहुधा एकच दिसते. पाच-सहा कॉम्प्युटर, इंटरनेट कंपनीने दिलेला एक राउटर आणि कुणाच्या तरी टेबलावर यूएसबीने जोडलेला एक प्रिंटर, जो बाकीचे सगळे नेटवर्कवरून वापरतात. सर्व्हर नाही, सगळ्यांची खाती एका जागी सांभाळणारं डोमेन नाही, पगारी आयटीवाला नाही. एरवी काही अडत नाही. मग जीएसटीआर-३बीची २० तारीख तोंडावर येते आणि एका स्क्रीनवर ‘ॲक्सेस इज डिनाइड’ उमटतं.

फोनवर पहिलं वाक्य ठरलेलं असतं, “दादा, काल तर चालू होता, कुणी हातही लावलेला नाही.” ते बहुतेक वेळा खरंच असतं. रात्री विंडोजचं अपडेट येऊन गेलेलं असतं, कुणाच्या तरी पासवर्डची मुदत संपलेली असते, नाहीतर वीज गेल्यावर राउटर पुन्हा सुरू होऊन प्रिंटर जोडलेल्या पीसीचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, बदललेला असतो.

यावर बाजारात एक झटपट उपाय चालतो. फायरवॉल बंद करा, ‘एव्हरीवन’ला फुल कंट्रोल द्या, पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग काढून टाका. प्रिंट निघते आणि माणूस पैसे घेऊन जातो. माझा या पद्धतीला ठाम विरोध आहे. प्रिंटर शेअरिंग आणि फाइल शेअरिंग बहुधा एकाच वाटेने चालतं, ४४५ नंबरच्या पोर्टवरून. ज्या पीसीला प्रिंटर जोडलाय, त्याच पीसीत टॅलीचा डेटा असतो, लोकांची पॅन आणि आधारची स्कॅन असतात. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेलं वॉनाक्राय हे खंडणीचं व्हायरस याच पोर्टमधून एका मशीनवरून दुसऱ्यावर गेलं होतं. एका प्रिंटसाठी ती वाट सताड उघडी टाकायची गरज नसते. नकार नेमका कुठे मिळतोय ते शोधलं की तेवढंच दुरुस्त करता येतं.

नकार चार ठिकाणी मिळू शकतो: रस्ता, ओळख, हक्क आणि ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर. तपासणी याच क्रमाने करा. बहुतेक लोक थेट हक्काकडे, म्हणजे सिक्युरिटी टॅबकडे धावतात. बिघाड मात्र जास्त वेळा ओळखीत असतो. खाली ‘मेन पीसी’ म्हणजे ज्याला प्रिंटर जोडलाय तो.

सुरुवातीची दोन कामं

एररचा मोबाइलवर फोटो काढा. ‘ॲक्सेस डिनाइड’, ‘विंडोज कॅनॉट कनेक्ट टू द प्रिंटर’ आणि शेवटी ११बी किंवा ७०९ असलेले आकडे, या सगळ्यांचे रस्ते वेगळे आहेत. ‘प्रिंटर चालत नाही’ एवढ्यावरून फोनवर कुणालाच काही सांगता येत नाही.

मग मेन पीसीवरूनच एक टेस्ट पेज काढा. तिथूनही निघत नसेल तर हा परवानगीचा प्रश्नच नाही. केबल, कार्ट्रिज किंवा अडकलेली स्पूल रांग, म्हणजे छपाईसाठी थांबलेली कामं, बघा. रांग अडकली असेल तर सर्व्हिसेसमध्ये जाऊन ही रांग सांभाळणारा प्रिंट स्पूलर थांबवा, विंडोज, सिस्टम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरमधल्या फाइली काढा आणि स्पूलर पुन्हा सुरू करा.

रस्ता

मेन पीसीवर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ ही कमांड इंग्रजीत टाइप करा आणि आयपी लिहून घ्या. दुसऱ्या पीसीवरही तेच करा. एक १९२.१६८.१ ने सुरू होतोय आणि दुसरा १९२.१६८.० ने, असं दिसलं तर थांबा. आतल्या केबिनमध्ये वायफाय पोचत नाही म्हणून कुणीतरी दुसरा राउटर आणून त्याच्या वॅन, म्हणजे इंटरनेटच्या, पोर्टमध्ये केबल लावलेली असते आणि ऑफिसची दोन वेगळी नेटवर्कं होऊन बसतात. आतल्या पीसीला बाहेरचा मेन पीसी नावाने सापडत नाही, आणि बाहेरून आत तर पोचताच येत नाही. दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका. तो मोड नसेल तर त्याचं डीएचसीपी, म्हणजे आपोआप आयपी वाटणं, बंद करा, त्याला पहिल्या राउटरशी न भांडणारा आयपी द्या आणि केबल लॅन पोर्टमध्ये लावा. लॅपटॉप ‘गेस्ट’ वायफायवर असेल तरीही हेच होतं. गेस्ट नेटवर्कवरची मशीनं ऑफिसच्या बाकी मशीनांपासून मुद्दाम वेगळी ठेवलेली असतात.

आयपी एकाच मालिकेतले असतील तर दुसऱ्या पीसीवर पॉवरशेल उघडून ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ला मेन पीसीचा आयपी आणि पोर्ट ४४५ द्या. उत्तरात शेवटी ‘ट्रू’ आलं तर रस्ता मोकळा आहे, पुढच्या पायरीवर जा. नुसत्या पिंगवर, म्हणजे समोरचं मशीन उत्तर देतं का बघणाऱ्या कमांडवर, विसंबू नका. पिंग अडवलेलं असूनही शेअरिंग चालू असू शकतं.

‘फॉल्स’ आलं तर मेन पीसीवर तीन गोष्टी बघायच्या. पहिली, सेटिंग्जमध्ये नेटवर्कचा प्रकार ‘प्रायव्हेट’ आहे का? राउटर बदलला की विंडोजला ते नवं नेटवर्क वाटतं, ते ‘पब्लिक’ धरलं जातं आणि शेअरिंग बंद होतं. ‘काहीच केलं नाही’ म्हणणाऱ्यांचा बिघाड इथे फार सापडतो. दुसरी, ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्जमध्ये ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ चालू आहे का? तिसरी, नेट सिक्युरिटीचं वेगळं अँटिव्हायरस घेतलं असेल तर त्याची स्वतःची फायरवॉल असते. विंडोजमध्ये सगळं बरोबर असून ती अडवू शकते. तिच्यात ऑफिसचं नेटवर्क विश्वासाचं म्हणून नोंदवा, ती पूर्ण बंद करू नका. मेन पीसी झोपेत जात असेल तर पॉवर सेटिंग्जमध्ये स्लीप ‘नेव्हर’ करा.

ओळख

इथे वेळ द्या. मेन पीसी विचारतो, ‘तू कोण?’ दुसरा पीसी मुकाट्याने काहीतरी उत्तर देतो आणि ते उत्तर काय होतं हे समोर बसलेल्याला दिसत नाही. सगळा घोळ त्यात असतो.

डोमेन नसलेल्या ऑफिसात प्रत्येक पीसी फक्त स्वतःवरची खाती ओळखतो. अकाउंटंट ताईंच्या पीसीवर त्यांचं खातं आहे म्हणून मेन पीसी त्यांना ओळखेलच असं नाही. त्याच नावाचं आणि त्याच पासवर्डचं खातं मेन पीसीवरही असलं किंवा दुसऱ्या पीसीवर मेन पीसीचं खातं जतन केलेलं असलं, तरच ओळख पटते.

रिसेप्शनच्या पीसीला पुष्कळ ठिकाणी पासवर्डच नसतो, सगळे येऊन-जाऊन बसतात म्हणून. पण रिकाम्या पासवर्डच्या खात्याने फक्त त्या मशीनसमोर बसूनच लॉगिन करता येतं, नेटवर्कवरून नाही, हा विंडोजचा मूळ नियम आहे. तो शिथिल करायची सेटिंग आहे, पण ती बदलू नका. पासवर्ड ठेवा. तसाच पिनचा गोंधळ. रोज चार आकडी पिन टाकून आत जाणारा माणूस नेटवर्कने पासवर्ड मागितला की तिथेही पिनच टाकतो. पिन त्या एका मशीनपुरता असतो, नेटवर्कवर त्याला किंमत नाही. मेन पीसी ईमेलच्या मायक्रोसॉफ्ट खात्याने चालत असेल तर पूर्ण ईमेल आणि त्या खात्याचा खरा पासवर्ड लागतो, आणि तो कुणालाच आठवत नसतो.

म्हणून मी सरळ मेन पीसीवर प्रत्येकासाठी वेगळं लोकल खातं काढतो. विंडोज प्रोमध्ये कॉम्प्युटर मॅनेजमेंट, मग ‘लोकल यूजर्स अँड ग्रुप्स’. तिथे नवं खातं काढताना ‘यूजर मस्ट चेंज पासवर्ड ॲट नेक्स्ट लॉगऑन’वर आधीच टिक असते. ती काढा, नाहीतर पासवर्ड बरोबर देऊनही प्रवेश मिळत नाही. ‘पासवर्ड नेव्हर एक्स्पायर्स’वर टिक करा. ती करायची राहिली तर विंडोजच्या मूळ धोरणाप्रमाणे ४२ दिवसांनी पासवर्डची मुदत संपते. त्या खात्याने कुणी मेन पीसीसमोर बसत नसल्यामुळे सूचना कुणालाच दिसत नाही आणि एका सकाळी प्रिंट अचानक बंद पडते. पासवर्ड कधीच न बदलणं मला पसंत नाही, म्हणून खातं ज्याचं आहे तो माणूस नोकरी सोडून जाईल तेव्हा आणि वर्षातून एकदा ठरवून बदला. होम आवृत्तीत हा भाग नसतो. तिथे सेटिंग्जमधल्या अकाउंट्समध्ये ‘अदर यूजर्स’मधून मायक्रोसॉफ्ट खात्याशिवायचं खातं जोडता येतं.

आता दुसऱ्या पीसीवर कंट्रोल पॅनलमधलं क्रेडेन्शियल मॅनेजर उघडा, ‘विंडोज क्रेडेन्शियल्स’मध्ये जा. मेन पीसीच्या नावाने जुनी नोंद असेल तर ती काढा आणि नवी भरा. खात्याच्या जागी मेन पीसीचं नाव, उलटी तिरकी रेघ आणि मग खात्याचं नाव. पीसीच्या नावाने केलेली नोंद आयपीने जाताना लागू होत नाही. म्हणून नोंद जशी केली तसाच पत्ता प्रिंटर जोडतानाही वापरा. आणि एका मेन पीसीशी एकाच वेळी दोन वेगळ्या खात्यांनी बोलता येत नाही. आधीचं कनेक्शन उघडं असेल तर नवं खातं बरोबर असूनही नाकारलं जातं. लॉग आउट करून पुन्हा आत या.

इतकं करूनही नकार येत असेल तर अंदाज थांबवा आणि नोंदवही वाचा. मेन पीसीवर इव्हेंट व्ह्यूअर, विंडोज लॉग्ज, सिक्युरिटी. दुसऱ्या पीसीवरून एकदा प्रयत्न करायला लावा, मेन पीसीवर एफ५ दाबा आणि ४६२५ नंबरची ताजी नोंद उघडा. ती दिसतच नसेल तर फसलेल्या लॉगिनचं ऑडिट आधी चालू करावं लागेल. नौपाड्यातल्या एका टॅक्स ऑफिसात हीच नोंद उघडली. ‘लॉगऑन टाइप’ ३, म्हणजे नेटवर्कवरून. ‘वर्कस्टेशन नेम’ अकाउंटंट ताईंच्या पीसीचं. ‘अकाउंट नेम’मध्ये मात्र तिसरंच नाव, नोकरी सोडून गेलेल्या एका मुलाचं. त्याने कधीतरी त्या पीसीवर स्वतःचं खातं जतन करून ठेवलं होतं. मेन पीसीवरून त्याचं खातं काढलं गेलं, जे योग्यच होतं. पण ताईंचा पीसी दरवेळी त्याच्याच नावाने दार वाजवत होता आणि सगळे सिक्युरिटी टॅबमध्ये ताईंच्या नावापुढच्या टिका तपासत बसले होते. क्रेडेन्शियल मॅनेजरमधली ती एक ओळ काढून ताईंची नोंद भरली आणि काम झालं.

त्याच नोंदीत ‘सब स्टेटस’ असतो. त्याची शेवटची अक्षरं बघा. ६४ म्हणजे त्या नावाचं खातंच नाही, ६ए म्हणजे पासवर्ड चुकला, ६ई म्हणजे खात्यावर बंधन आहे, बहुधा रिकामा पासवर्ड. ७१ म्हणजे पासवर्डची मुदत संपली, ७२ म्हणजे खातं बंद केलंय, २२४ म्हणजे पासवर्ड बदलणं बाकी आहे. १५बी आला तर त्या खात्याला नेटवर्कवरून यायचीच परवानगी नाही: लोकल सिक्युरिटी पॉलिसीत ‘ॲक्सेस धिस कॉम्प्युटर फ्रॉम द नेटवर्क’ आणि त्याच्या जवळचं ‘डिनाय’ दोन्ही बघा. २३४ म्हणजे खातं लॉक झालंय. नव्या विंडोज ११ मध्ये दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर दहा मिनिटांचं लॉक लागतं, आणि जतन केलेला जुना पासवर्ड पुन्हा पुन्हा पाठवणारा पीसी ते आपोआप घडवून आणू शकतो.

२०२४ च्या शेवटी आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीने आणखी एक जुनी सवय मोडली. प्रो आवृत्तीतही बिनओळखीचा ‘गेस्ट’ प्रवेश बंद झाला आणि एसएमबी साइनिंग, म्हणजे शेअरिंगच्या निरोपांवर पडताळणीची सही, सक्तीचं झालं. पासवर्ड काढून टाकून चालवलेलं शेअरिंग यामुळे पुष्कळ ठिकाणी एकदम बंद पडलं. त्याला तोड वर सांगितली तीच, नावाचं खातं.

हक्क

ओळख पटली की हक्काचा भाग सोपा आहे. मेन पीसीवर प्रिंटर प्रॉपर्टीज उघडा. शेअरिंग टॅबमध्ये शेअर चालू आहे ना बघा, शेअरचं नाव लहान आणि बिनस्पेसचं ठेवा. परवानग्या सिक्युरिटी टॅबमध्ये असतात. ‘प्रिंट’ म्हणजे फक्त छापणं. ‘मॅनेज डॉक्युमेंट्स’ म्हणजे रांगेतली कामं थांबवणं, रद्द करणं. ‘मॅनेज धिस प्रिंटर’ म्हणजे प्रिंटरची सेटिंग आणि परवानग्या बदलणं. मूळ मांडणीत ‘एव्हरीवन’ला प्रिंट असतं आणि ‘क्रिएटर ओनर’मुळे प्रत्येकाला स्वतःचं काम रद्द करता येतं.

‘एव्हरीवन’ काढायचं असेल तर आधी सगळ्यांच्या खात्यांचा एक ग्रुप करा, त्याला ‘प्रिंट’ द्या आणि मगच काढा. क्रम उलटा झाला तर सगळं ऑफिस एकदम बंद पडतं. रिसेप्शनच्या ताईंना इतरांची अडकलेली कामं रद्द करावी लागत असतील तर त्यांना ‘मॅनेज डॉक्युमेंट्स’ पुरतं. तिसरा हक्क एकाकडेच असू द्या.

‘डिनाय’च्या खान्यात कुठे टिक आहे का, हे डोळ्यात तेल घालून बघा. एखादा माणूस दोन ग्रुपमध्ये असेल, एकात ‘अलाऊ’ आणि दुसऱ्यात ‘डिनाय’, तर डिनाय जिंकतं. ‘एस-१-५-२१’ने सुरू होणारे लांबलचक आकडे दिसले तर ती काढून टाकलेल्या खात्यांची शिल्लक आहे. ती पुसून टाका.

ड्रायव्हर, आणि ११बी व ७०९

२०२१ च्या उन्हाळ्यात विंडोजच्या स्पूलरमध्ये प्रिंटनाइटमेअर नावाची मोठी फट उघडकीस आली. त्यानंतर ऑगस्ट २०२१ च्या अपडेटपासून शेअर केलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर घालायला ॲडमिनचे अधिकार लागू लागले. साध्या खात्याने प्रिंटर जोडायला गेलात तर प्रिंटची परवानगी असूनही नकार येतो. उपाय सरळ आहे. मेन पीसीवर जो ड्रायव्हर आहे त्याच आवृत्तीचा ड्रायव्हर प्रत्येक पीसीवर ॲडमिन म्हणून एकदा घाला, मग माणसाच्या खात्यातून प्रिंटर जोडा.

११बी हा एरर सप्टेंबर २०२१ च्या अपडेटपासून दिसू लागला. स्पूलरशी बोलताना जास्त कडक पडताळणी सक्तीची झाली आणि एक पीसी अपडेट, दुसरा जुना, अशा जोड्या तुटल्या. रजिस्ट्रीत एक आकडा शून्य करून ही पडताळणी बंद करण्याचा उपाय अजूनही तोंडोतोंडी फिरतो. मी तो करत नाही, कारण जी फट बुजवली तीच त्याने पुन्हा उघडते. आधी दोन्ही पीसी पूर्ण अपडेट करून बघा. तरी अडलं तर दुसऱ्या पीसीवर ‘लोकल पोर्ट’ने प्रिंटर जोडा. ॲड प्रिंटरमध्ये हाताने जोडायचा पर्याय घ्या, नवा लोकल पोर्ट तयार करा, पोर्टच्या नावात दोन उलट्या तिरक्या रेघा, मेन पीसीचं नाव, एक रेघ आणि शेअरचं नाव द्या आणि ड्रायव्हर स्वतः निवडा. छपाई साध्या शेअरिंगच्या वाटेने जाते आणि खात्याची ओळख तरीही तपासली जाते.

७०९ बहुतेकदा विंडोज ११ आणि जुन्या विंडोजच्या जोडीत भेटतो. २२एच२ पासून विंडोज ११ स्पूलरशी टीसीपीवरून बोलतं, जुनं मशीन ‘नेम्ड पाइप्स’ या जुन्या पद्धतीची वाट बघत असतं. ग्रुप पॉलिसीत कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, प्रिंटर्स इथे ‘कॉन्फिगर आरपीसी कनेक्शन सेटिंग्ज’मध्ये नेम्ड पाइप्स निवडता येतं. वरचा लोकल पोर्टचा मार्ग इथेही चालतो.

डॉट मॅट्रिक्स

वागळे इस्टेटमधल्या ट्रान्सपोर्ट ऑफिसांत तीन प्रतींची बिल्टी छापायला आजही डॉट मॅट्रिक्सच लागतो, आणि जुनं बिलिंग सॉफ्टवेअर एलपीटी१ हे जुन्या प्रिंटर पोर्टचं नाव सोडून दुसरं काही ओळखत नाही. तिथे ‘नेट यूज’ कमांडने एलपीटी१ हे नाव मेन पीसीवरच्या शेअरला जोडावं लागतं, शेवटी ‘पर्सिस्टंट यस’ देऊन. ही कमांड ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने न चालवता त्या माणसाच्या साध्या खिडकीत चालवा. ॲडमिनच्या खिडकीत जोडलेलं साध्या खात्यातल्या सॉफ्टवेअरला दिसत नाही, आणि पुन्हा परवानगीवर संशय येतो.

घरून काम करताना

पावसात लोकल बंद पडल्या की घोडबंदर रोडवरच्या घरून ऑफिसच्या पीसीत रिमोट डेस्कटॉपने शिरायचं आणि प्रिंट घरच्या प्रिंटरवर काढायची, ही गरज आता नेहमीची झाली आहे. घरच्या पीसीवर रिमोट डेस्कटॉपच्या ‘लोकल रिसोर्सेस’मध्ये ‘प्रिंटर्स’वर टिक असली पाहिजे. तरी प्रिंटर दिसला नाही तर ऑफिसच्या पीसीवर ‘डू नॉट अलाऊ क्लायंट प्रिंटर रीडायरेक्शन’ ही पॉलिसी चालू आहे का बघा. आलेला प्रिंटर ‘रीडायरेक्टेड’ नावाने दिसतो आणि तो त्या सेशनपुरताच असतो. सॉफ्टवेअरमध्ये कायमचा नेमून ठेवला तर पुढच्या वेळी सापडेलच असं नाही. घरून येण्यासाठी ४४५ किंवा रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट राउटरवर इंटरनेटसाठी कधीही उघडू नका. व्हीपीएन, म्हणजे ऑफिसपर्यंतची सुरक्षित खासगी वाट, लावा.

जमत असेल तर मेन पीसीच मधून काढा

प्रिंटरला स्वतःचं लॅन पोर्ट असेल तर त्याला थेट राउटरला जोडा, राउटरमध्ये त्याच्यासाठी आयपी राखून ठेवा आणि प्रत्येक पीसीवर स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्टने, ९१०० वर, जोडा. मग मेन पीसी बंद असला तरी कुणाचं अडत नाही आणि पीसी ते पीसी परवानगीचा अख्खा प्रश्न संपतो. प्रिंटर चालू असून ‘ऑफलाइन’ दिसला तर त्या पोर्टच्या सेटिंगमधली ‘एसएनएमपी स्टेटस’ची टिक काढून बघा. परवानग्या आता प्रिंटरच्या स्वतःच्या वेब पानावर असतात. त्या पानाचा कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. भाड्याच्या मोठ्या मशीनवर डिपार्टमेंट कोड लावलेला असतो. तो ड्रायव्हरमध्ये भरला नाही तर काम पीसीवरून निघतं आणि मशीनवर निमूटपणे रद्द होतं.

दुरुस्ती झाल्यावर ॲडमिनच्या खात्यातून पान काढून निघू नका. दोन्ही पीसी रीस्टार्ट करा, जिची अडचण होती तिला तिच्या खात्याने लॉगिन करायला सांगा आणि ज्या सॉफ्टवेअरमधून ती रोज छापते त्यातूनच एक पान काढायला लावा. ते निघालं की मेन पीसीचं नाव, आयपी, शेअरचं नाव आणि प्रत्येकाच्या खात्याचं नाव एका कागदावर लिहा, पासवर्ड सोडून, आणि कागद ऑफिसच्या फाइलला लावा.